डुकराचं तोंड, उंदराची शेपटी

रावेर-यावलच्या पट्ट्यातला केळीवाला आणि अमेरिकेतला ऑपॉसम यांची गाठ पडायचं तसं काही कारण नाही. तरी एक धागा आहे आणि तो केळीच्या घडातूनच जातो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून बोटीने उत्तरेकडे जाणाऱ्या केळीत मुठीएवढे लहान जातीचे ऑपॉसम दडून बसायचे आणि बंदरात माल उतरवणाऱ्यांच्या हाताला लागायचे. आपल्याकडे केळीच्या कांदेबागेत घड कापताना पानांच्या बेचक्यातून बेडूक निघतो, सरडा निघतो, कधी वटवाघूळ फडफडत बाहेर पडतं. या सगळ्यांना आपल्याकडे नावं आहेत. तिकडच्या त्या जनावराला मात्र मराठीत नाव नाही, म्हणून आपण ऑपॉसमच म्हणतो. ते योग्यच आहे, कारण हे नावही मुळात इंग्रजांचं नव्हे.

१६०७ साली इंग्रज व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्यांनी जेम्सटाउन वसवलं. भोवती पोव्हॅटन लोकांची गावं होती. पोटाला पिशवी असलेलं जनावर इंग्रजांनी जन्मात पाहिलं नव्हतं, युरोपात असला प्राणीच नाही. त्यामुळे त्यांच्याजवळ शब्द नव्हता आणि तो पोव्हॅटनांकडून घ्यावा लागला. त्या वसाहतीतल्या विल्यम स्ट्रॅची याने तो ‘अपोसूम’ असा काहीसा लिहून घेतला, जॉन स्मिथने ‘ओपॅसम’ असा. भाषेचे जाणकार त्याची फोड करतात ती अशी : पहिला भाग ‘पांढरं’ या अर्थाचा, दुसरा ‘कुत्रं’ किंवा कुत्र्यासारखं जनावर या अर्थाचा. म्हणजे पांढरं कुत्रं. रात्रीच्या अंधारात झाडाच्या बुंध्याशी त्याचं फिकट तोंड तेवढं दिसत असणार. ज्याने ते रोज पाहिलं त्याने एका शब्दात सांगून टाकलं.

स्मिथला मात्र वर्णन करावं लागलं. १६१२ साली छापलेल्या पुस्तकात तो सांगतो की याचं डोकं डुकरासारखं, शेपटी उंदरासारखी आणि आकार मांजराएवढा. मादीच्या पोटाखाली पिशवी असते आणि तीत ती पिल्लं ठेवते, वागवते, पाजते. तीन ओळखीच्या प्राण्यांचे तुकडे जोडून त्याने चौथा अनोळखी प्राणी उभा केला. त्याच्याही आधी, १५०० साली, पिन्झोन नावाच्या स्पॅनिश दर्यावर्दीने ब्राझीलकडून एक मादी स्पेनला नेली होती. राजाराणीने तिच्या पिशवीत बोटं घालून पाहिली, असं सांगतात. पुढे १७५८ मध्ये लिनियसने शास्त्रीय नाव दिलं ‘डायडेल्फिस’, म्हणजे दोन गर्भाशयांची. पिशवी हे त्याच्या लेखी दुसरं गर्भाशयच. एका अर्थी ते खरंही आहे. पिल्लं बारा-तेरा दिवसांतच जन्मतात, घेवड्याच्या दाण्याएवढी, आणि आईच्या केसांना धरून स्वतःच सरपटत पिशवीत शिरतात. आत बहुधा तेरा सडं असतात. ज्याला सड मिळालं नाही ते जगत नाही.

‘डुकराचं डोकं, उंदराची शेपटी’ हे वाचलं तेव्हा मी थांबलो, कारण हे वर्णन आपल्याकडच्या एका प्राण्याच्या नावातच आहे. तो प्राणी म्हणजे घूस. तेलुगूत घुशीला ‘पंदिकोक्कु’ म्हणतात. पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कु म्हणजे उंदीर. डुक्करउंदीर. हाच शब्द इंग्रजांच्या तोंडी ‘बँडिकूट’ झाला आणि आज आपल्या घुशीच्या शास्त्रीय नावातही ‘बँडिकोटा’ बसलेला आहे.

घूस ज्याने जवळून पाहिली आहे त्याला हे नाव चटकन पटेल. बांधावर ताज्या मातीचा ढीग दिसला की समजायचं. ढिगाखाली बीळ, बिळाला आत फाटे आणि एखाद्या फाट्याच्या टोकाला कोठार. ज्वारी काढून झाली की आमच्या भागात काही लोक कुदळ घेऊन अशी बिळं खणत, आणि एकेका बिळातून ओच्यात मावणार नाहीत इतकी कणसं काढत. कणसं तोडून नीट रचलेली असत. लहानपणी मी एकदा त्या खणत्या माणसाशेजारी उकिडवा बसून होतो. आत कोंडलेली घूस बाहेर यायच्या आधी गुरगुरली, अगदी डुकरासारखी. मग अंगावरचे राठ केस ताठ करून ती आली. आखूड तोंड, जड अंग, मागे खवल्यांची शेपटी. तेलुगू शेतकऱ्याने तिचं नाव कसं ठेवलं असेल हे मला त्या क्षणाच्या आठवणीतून कळतं. आपल्या ‘घूस’ या शब्दात मात्र ना डुक्कर आहे ना उंदीर. दुसऱ्या कुणाची उसनवारी न करता ती स्वतःच्या नावाने उभी आहे.

पुढे या दोन नावांनी जो प्रवास केला तो विलक्षण आहे. १७७० साली कॅप्टन कुकचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागलं. सोबतच्या जोसेफ बँक्सने एक पिशवीवालं जनावर पकडलं आणि ते ऑपॉसमच्या कुळातलं असल्याचं रोजनिशीत लिहिलं. तिथूनच ऑस्ट्रेलियात ‘पॉसम’ हा शब्द रुजला. अमेरिकेतला ऑपॉसम आणि ऑस्ट्रेलियातला पॉसम यांचं नातं फार लांबचं आहे, पण नाव सख्ख्या भावांचं. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्याच लांब तोंडाच्या, माती उकरणाऱ्या दुसऱ्या एका पिशवीवाल्या प्राण्याला इंग्रजांनी ‘बँडिकूट’ म्हणून टाकलं, कारण हिंदुस्थानातली घूस त्यांना ठाऊक होती. म्हणजे व्हर्जिनियातल्या एका बोलीतला शब्द आणि आंध्रातल्या शेतातला शब्द, दोन्ही जहाजात बसून तिसऱ्याच खंडात उतरले आणि तिथल्या जनावरांच्या गळ्यात पडले. त्या जनावरांना तिथल्या मूळ लोकांनी हजारो वर्षांपूर्वीच नावं दिलेली होती. ती कुणी विचारली नाहीत. कांगारूचं नशीब बरं, त्याचं नाव कुकच्या लोकांनी तिथल्याच गुगू यिमिथिर भाषेतून घेतलं.

नाव कुणाचं टिकतं आणि कुणाचं पुसलं जातं, हा खरा प्रश्न आहे. खानदेशात बसून तो पाहताना सर्वांत आधी आठवतं ते मुंगूस.

इंग्रजीतला ‘मंगूस’ हा शब्द मराठीतून गेला, असं मोठे इंग्रजी कोश सांगतात. पोव्हॅटनांनी जगाला ऑपॉसम दिला, आपण मुंगूस दिलं. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ च्या सुमारास मुंबईला आला, सुरतेत राहिला, जुन्नरपर्यंत जाऊन आला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापलं गेलं आणि त्यात हा शब्द आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात कुणीतरी मराठी बोलणाऱ्या माणसाने बांधावरचं धावतं जनावर दाखवून त्या डॉक्टरला ‘मुंगूस’ म्हणून सांगितलं असेल. त्या माणसाचं नाव कुठेच नाही, शब्द मात्र जगभर गेला. फ्रेंचांनी ‘मांगुस्त’ केलं, शास्त्रज्ञांनी एका आफ्रिकी जातीच्या लॅटिन नावात ‘मुंगोस’ बसवलं. पोर्तुगीजांनी त्याआधी तमिळचा ‘कीरिप्पिळ्ळै’ उचलला होता आणि गार्सिया दा ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात तो नोंदवला होता. तो टिकला नाही, आपला टिकला.

आपला म्हणताना थोडं थांबायला हवं. मुंगूस हा शब्द संस्कृतातून आलेला नाही. संस्कृत शब्द नकुल. त्याच्यापासून हिंदीत नेवला झाला आणि गुजरातीत नोळियो. कन्नडात मुंगिसि, तेलुगूत मुंगिस आणि तमिळच्या जुन्या थरात मूंगा. म्हणजे आपलं मुंगूस दक्षिणेच्या घरातलं आहे. मराठीची आई संस्कृत-प्राकृत असली तरी शेत, बांध, जनावर आणि भाजीपाला यांच्या शब्दांत दक्षिणेचं रक्त किती आहे, याचा हा एक पुरावा. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. सातपुड्याच्या उत्तरेला नेवला, पश्चिमेला नवापूरच्या पलीकडे नोळियो आणि दक्षिणेला मुंगूस. या तिन्हींच्या मधोमध तापीचं खोरं. भाषांच्या दोन मोठ्या घराण्यांतल्या शब्दांची शीव आमच्या बांधांवरून जाते आणि ती ओलांडून मुंगूस रोज इकडून तिकडे पळतं.

शब्दांची अशी मुळं शोधण्याच्या कामाला धुळ्याइतकं योग्य गाव दुसरं नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्याची अखेर धुळ्यात काढली आणि ३१ डिसेंबर १९२६ ला ते तिथेच वारले. लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. मराठी शब्दाच्या मुळाशी जायचा ध्यास या माणसाइतका क्वचितच कुणी घेतला असेल. त्यांचे धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश त्यांच्या मागे धुळ्याच्या मंडळाने छापले. राजवाड्यांचा ओढा जवळजवळ प्रत्येक मराठी शब्द संस्कृतापर्यंत नेऊन भिडवण्याकडे होता. तिथे आजचे अभ्यासक त्यांच्याबरोबर जाणार नाहीत, मीही जात नाही. पण ते गावोगाव पायी हिंडले, लोकांच्या तोंडचा शब्द त्यांनी पोथीतल्या शब्दाइतकाच मोलाचा मानला, आणि हा धडा अजून शिळा झालेला नाही. तरस हा शब्द घ्या. तो सरळ तरक्षुपासून आला, तिथे राजवाड्यांची वाट बरोबर पोचते. ससा शशापासून आला. मुंगसाशी मात्र ती वाट तुटते आणि तुटते तिथेच गोष्ट रंगते. खुद्द खानदेश या नावाचंही असंच आहे. फारुकी सुलतानांच्या ‘खान’ या किताबावरून म्हणावं, कान्हदेश म्हणावं की सेऊणदेश, हा वाद जुना आहे आणि प्रत्येक पक्षाला त्याचे वकील आहेत.

मुंगूस आणि ऑपॉसम यांच्यात नावाखेरीज आणखी एक साम्य आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. दोघांनाही सापाचं विष सहसा बाधत नाही. नागाचं विष स्नायूंवरच्या ज्या जागी जाऊन चिकटतं, त्या जागेची घडणच मुंगसात थोडी बदललेली असते. किल्ली आहे, पण कुलूप वेगळं. ऑपॉसमच्या रक्तातच तिकडच्या सापांचं विष निकामी करणारे घटक असतात आणि तो ते साप खुशाल खातो. आपल्या लोकांनी मात्र मुंगसाच्या या बळाचं श्रेय एका मुळीला दिलं. सापाशी झुंजून आलं की मुंगूस रानात जाऊन मुंगूसवेल खातं, अशी समजूत गावोगाव आहे, आणि त्या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातही ‘मुंगोस’ आलं. मुळी खाऊन काही होत नाही. चपळाई, राठ केस आणि बदललेलं कुलूप एवढंच त्याचं औषध.

आपल्या कथांनी मुंगसावर प्रेमही केलं आणि अन्यायही केला. पंचतंत्रात ते पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवतं आणि तोंडाला रक्त लागलेलं पाहून मालकीण त्यालाच मारते. महाभारतात युधिष्ठिराच्या अश्वमेधानंतर अर्ध्या सोन्याच्या अंगाचं मुंगूस येतं आणि एवढ्या मोठ्या यज्ञाला एका गरीब ब्राह्मणाच्या सातूच्या दानाहून हलकं ठरवतं. कुबेराच्या मूर्तीत त्याच्या हाती मुंगूस असतं, रत्नं ओकणारं. खऱ्या मुंगसाच्या वाट्याला मात्र सापळा आला. चित्रकाराच्या कुंचल्यासाठी त्याचे केस लागतात म्हणून हजारो मुंगसं मारली गेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आज त्याला संरक्षण आहे.

जमैकातल्या उसाच्या मळ्यांत उंदीर झाले म्हणून १८७२ मध्ये एका मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसं नेली. त्यांची पोरं-नातवंडं पुढे शेजारच्या बेटांवर आणि १८८३ मध्ये हवाईपर्यंत पोचली. उंदीर रात्री हिंडतो आणि मुंगूस दिवसा, हा हिशेब कुणी केला नाही. मुंगसांनी तिथल्या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा आणि कासवांच्या अंड्यांचा फडशा पाडला. शब्दाला परदेशी धाडलं तर कुणाचं नुकसान होत नाही. जनावर धाडलं की होतं.

नाव घेणारा कधी चुकीचंही घेतो. रानकुत्र्याला इंग्रज ‘धोल’ म्हणतात. आमच्या धुळ्याशी त्याचा काही संबंध नाही. मराठीत त्याला कोळसून किंवा कोळसिंदा म्हणतात आणि हिंदुस्थानातल्या बहुतेक भाषांत त्याचं नाव धोल नाही. लांडग्याला कन्नडात ‘तोळ’ म्हणतात, त्यावरून ते आलं असावं असा एक तर्क आहे. एका इंग्रजाने ऐकलं, दुसऱ्याने छापलं आणि दोनशे वर्षं जग तेच म्हणतं आहे.

आणि काही वेळा नाव विचारलंच जात नाही. आपला वनपिंगळा हे त्याचं उदाहरण. १८७२ मध्ये एफ. आर. ब्ल्युइट या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडात एक लहान घुबड मिळवलं, पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये त्याला ब्ल्युइटचं नाव दिलं. पुढे खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने शहादा-तळोद्याच्या रानातून आणखी काही नमुने जमवले. १८८४ नंतर शास्त्राच्या लेखी पक्षी नाहीसा झाला. मध्ये माइनर्ट्‌झहागेन या कर्नलने १९१४ मध्ये आपल्याला तो गुजरातेत मिळाल्याचं सांगितलं; ते खोटं होतं, नमुना संग्रहालयातून चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. हे उघडकीला आणणाऱ्या पामेला रासमुसेन आपल्या सहकाऱ्यांसह खानदेशात आल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, निष्पर्ण झाडावर दिवसाउजेडी बसलेला वनपिंगळा त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी. पुढे तो यावलच्या अभयारण्यातही सापडला. जगभर बातमी झाली आणि मला तिचा आनंद आहे. पण त्या एकशे तेरा वर्षांत सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल घरांच्या आसपास तो ओरडतच होता. लाकडाला गेलेल्या बाईने तो ऐकला असेल, तिच्या बोलीत त्याला काहीतरी म्हटलं जात असेल. पुस्तकात आधी ब्ल्युइट आला, मग वनपिंगळा हा ग्रंथातून घडवलेला सुबक मराठी शब्द. तिचा शब्द अजून दाराबाहेर उभा आहे.

पोव्हॅटनांचं पुढे काय झालं ते यासाठीच सांगायचं. त्यांची बोली अठराव्या शतकाच्या अखेरीस कुणी बोलेनासं झालं. आज तिची माहिती आहे ती मुख्यतः दोन याद्यांमुळे, एक स्मिथची लहानशी आणि दुसरी स्ट्रॅचीची मोठी. स्ट्रॅचीचं हस्तलिखित १८४९ पर्यंत छापलंही गेलं नव्हतं. १९७५ मध्ये फ्रँक सीबर्ट या अभ्यासकाने या याद्यांवरून त्या बोलीचा सांगाडा पुन्हा उभा केला. ऑपॉसम, रॅकून, मोकॅसिन, पर्सिमन असे शब्द इंग्रजीत जिवंत आहेत, ते बोलणारं तोंड मात्र मिटलं. एका कारकुनी वृत्तीच्या माणसाने कंटाळा न करता यादी केली, म्हणून एवढं तरी हाती राहिलं.

आपल्याकडे अहिराणी जोरात बोलली जाते, तिची चिंता मला एवढी नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने १९०७ च्या खंडात खानदेशीला भिल्ल बोलींच्या शेजारी बसवलं, तेव्हापासून तिच्यावर काम होत आलं आहे. चिंता आहे ती सातपुड्याच्या कुशीतल्या पावरी, भिलोरी, तडवी घरांतल्या शब्दांची. मारुती चितमपल्लींनी वनखात्याची नोकरी करता करता रानातल्या लोकांकडून नावं टिपली, पक्षिकोश आणि प्राणिकोश केले. एका माणसाने किती करता येतं ते त्यांनी दाखवलं. पाल, तोरणमाळ, साक्री, चोपडा इथल्या शाळा-कॉलेजातल्या मुलांनी आपल्याच आजीला विचारून वही भरली तरी पुष्कळ होईल. नुसतं जनावराचं नाव विचारू नये. पिल्लाला काय म्हणतात, नर-मादीला वेगळं नाव आहे का, बिळाला काय, त्याच्या ओरडण्याला काय, विष्ठेला काय, आणि रात्री त्याचं नाव घेतात की नाही, हेही विचारावं.

हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. आमच्या घरी दिवे लागल्यावर सापाला साप म्हणायची सोय नव्हती. ‘लांबडं’ म्हणायचं किंवा नुसतंच ‘जनावर’. नाव घेतलं की ते येतं, अशी श्रद्धा. सातपुड्यात वाघाला देव मानतात, त्याचंही नाव असंच आदराने आणि आडूनच येतं. म्हणजे एकाच प्राण्याला एकाच घरात दिवसाचं एक आणि रात्रीचं एक अशी दोन नावं असतात, आणि यादी करणारा दिवसा येऊन गेला तर त्याला अर्धीच मिळतात. धुळ्याकडची माझी मावशी रात्री कुणाला सापाचं नाव घेऊ देत नसे, विंचवाचंही नाही. मुंगसाला मात्र तिची आडकाठी नव्हती. शाळेच्या वाटेवर ते आडवं गेलं की आम्ही पोरं त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचो, आणि संध्याकाळी घरी येऊन ते सांगितलं की मावशी चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, “मुंगूस दिखनं, आते काम व्हई जाई.” आणि विचारायची, तोंड दाखवलं की शेपटी?